पडद्याचा मान

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

सकाळी अंघोळ केली, बिरोबाच्या फोटोला भंडारा लावला, आणि कॉम्प्युटर न उघडता आधी कागद घेतला. पेन्सिलीनं मेंढी काढली. एक उभी, एक पाय उचललेली, एक मान खाली घालून चरणारी. चहा गार झाला तरी कळलं नाही.

इतकी वर्षं उलटंच करत आलो. मशीन चालू करायचं, सॉफ्टवेअर उघडायचं आणि रिकाम्या काळ्या चौकटीकडं बघत बसायचं. मग सुचेल ते सरकवायचं, फिरवायचं, लहानमोठं करायचं. दुपार व्हायची तरी हातात काही नसायचं. पूनम म्हणते, "दादा, काय हलवायचं ते आधी ठरवा, मग हलवा." पोरगी माझीच. माझ्याच खुर्चीत बसून ॲनिमेशन शिकली, पुण्याच्या स्टुडिओचं काम आता अकलूजला सासरी बसून करते, आणि वर मला शिकवते.

कागदावरच्या तीन मेंढ्यांनी आज जे काम झालं, ते एरवी आठवड्यात झालं नसतं. तेव्हा लिहून ठेवतो — आधी कागद.

पौष पौर्णिमेला गावी बिरोबाची पालखी. दरसाल पालखीच्या वेळी मोठ्या पडद्यावर माझी हलती चित्रं चालतात. यंदा देवळाभोवती मेंढरांची प्रदक्षिणा दाखवायची, ढोलाच्या तालावर. पूनम म्हणाली, हे मी करते. मी हो म्हणालो. मेंढरं मी काढून द्यायची, चालवायची तिनं.


९ नोव्हेंबर, रविवार

पूनम आली. दारात पिशवी ठेवली आणि सरळ माझी मागच्या सालची फाइल उघडून बसली. बघता बघता हसायला लागली.

"दादा, ही फाइल हाय का गड्ड्याच्या जत्रंतली गर्दी? लेयर सत्तेचाळीस, त्याची कॉपी, कॉपीची कॉपी… तुमचं तुमाला तरी सापडतंय का?"

"सापडतं की."

"कसं?"

"एकेका लेयरचा, म्हणजे थराचा, डोळा मिटून बघायचा. जे गायब झालं ते आपल्याला हवं होतं ते."

कपाळाला हात लावून बसली. मग म्हणाली, "तुमी फ्लेक्सच्या दुकानात व्हता तवा रंगाच्या डब्यावर नाव लिवत व्हता का न्हाय?" लिहीत होतो. त्याआधी ब्रशनं पाट्या रंगवायचो तेव्हाही लिहीत होतो. मग इथंच का नाही?

दुपारभर दोघांनी मिळून घडी बसवली. लेयर हाताला लागला की लगेच नाव. पुढचा उजवा पाय, मागचा डावा पाय, कान, शेपूट. देवाच्या सगळ्या वस्तूंना पिवळी खूण, मेंढरांना पांढरी, माणसांना लाल. एक मेंढी पुरी झाली की तिचे सगळे तुकडे एका कॉम्पमध्ये बंद करायचे, म्हणजे बाहेरून फक्त "मेंढी" एवढंच दिसतं आणि ती उचलून कुठंही ठेवता येते. पूनम म्हणाली, "दावणीला बांधल्यासारखं." मी म्हणालो, मेंढरं दावणीला नसतात बाई, वाघरीत कोंडतात. जाळीच्या वाघरीत रात्रभर आमचा सगळा कळप मावायचा. "मग वाघर म्हणा," म्हणाली. आता आमच्या घरात कॉम्पला वाघर म्हणतात. पूनमची आईसुद्धा विचारते, किती वाघरी झाल्या?


१२ नोव्हेंबर

दर चहाला फाइल नवा आकडा घालून सेव्ह करतो आहे. दुपारी वीज गेली. तीन वाजता आली तेव्हा सगळं जिथल्या तिथं होतं. पूर्वी असं झालं की पूनमच्या आईवर चिडायचो.


१६ नोव्हेंबर, रविवार

एक मेंढी चालायला लागली. पण चालताना दर फेरीला ठेचकाळायची. तास गेला, काही कळेना. शेवटी पूनमनं दाखवलं. चालीचा लूप, म्हणजे परत परत फिरणारा तुकडा, केला की पहिली फ्रेम आणि शेवटची फ्रेम सारखीच असते. दोन्ही ठेवल्या तर तेच चित्र दोनदा येतं आणि पाय अडकतो. शेवटची कापली. मेंढी सरळ चालायला लागली.

मग तिच्या कॉप्या काढून कळप केला. कळप कसला, पोलीस परेड! सगळ्यांचा उजवा पाय एकदम वर, एकदम खाली. प्रत्येकीला थोडं मागंपुढं सरकवलं, पण मी सारख्या अंतरानं सरकवलं, तर लाट आल्यासारखं दिसायला लागलं. पूनम म्हणाली, "अंतर सारखं ठेवू नका. कुणी दोन फ्रेम मागं, कुणी सात. एखादी थांबलेली. एखादी दुसरीच्या अंगावर चढलेली." तसं केलं आणि एकदम गाव दिसलं.

वळणाचं मात्र तिनं जे केलं ते मला सुचलं नसतं. मी सगळ्यांना एकाच वेळी वळवलं होतं. तिनं सगळी मेंढरं एकाच वाटेवर सोडली, नुसती उशिरानं. पुढची जिथं वळली तिथं पोचल्यावर मागची वळते. मेंढरं असंच करतात. माझं अर्धं लहानपण त्यांच्या मागं गेलं आणि हे मी रोज बघत होतो. ती एक दिवस मेंढरामागं गेलेली नाही. विचारलं, तुला गं कसं ठाऊक? म्हणाली, "दिवाळीत मोबाइलवर व्हिडिओ काढला व्हता की. फ्रेम-फ्रेमनं बगितला."

जेवताना पूनमच्या आईला हे सांगितलं. दोनदा सांगितलं असेन. "कळलं, कळलं, जेवा आता," म्हणाली.


१९ नोव्हेंबर

पालखीला गुळगुळीत चाल शोभत नाही. आपण फक्त ठरावीक जागा, म्हणजे कीफ्रेम, लावायच्या; सॉफ्टवेअर त्यांच्या मधली चाल आपोआप लोण्यासारखी करून देतं. मोटारीला ते ठीक. पालखी खांद्यावर असते — एक खांदा उंच, एक ठेंगणा. दांडा डुलला पाहिजे, आणि छत्रीचा झुलवा त्याच्या किंचित मागून आला पाहिजे. आज एवढंच केलं. मन भरलं.


२३ नोव्हेंबर, रविवार

गावी जत्रेची बैठक झाली. देवळाच्या कट्ट्यावर. मंडप कुणाचा, ढोल किती, पाण्याची टाकी कुठं, सगळं झालं. मग मी म्हणालो, "यंदा पडदा चालवायला पूनम बसंल. काम तिनंच केलंय."

तंबाखू मळायचे हात थांबले. मग आप्पा, म्हणजे देवाचे पुजारी, बैठक त्यांच्याच शब्दावर चालते, ते मला म्हणाले, "बिरदेवा, पोरगी गुणाची हाय, त्यात वाद न्हाय. पण ती अकलूजची झाली. पडद्याचा मान तुज्या घराचा. मान घरातनं भायेर जात न्हाय."

"मग माझ्यामागं कुणी बसायचं?"

"माउली हाय की."

माउली माझ्या भावाचा पोरगा. चांगला आहे, ट्रॅक्टर झकास चालवतो. कट्ट्याच्या खालनं म्हणाला, "तात्या, मी दाबतो की बटन. त्यात काय हाय एवढं?"

लोक हसले. मी पण हसलो. सोलापूरला परत येताना एसटीत मात्र मंगळवेढ्यापर्यंत मान वर केली नाही.


२४ नोव्हेंबर, सोमवार

मान म्हणजे काय, हे आमच्या घराला ठाऊक आहे, कारण आम्हाला तो नव्हता. पालखी उचलायच्या आधी देवळापुढं नावं पुकारतात. काठीचा मान, छत्रीचा मान, ढोलाचा, भंडाऱ्याचा. ज्याचं नाव येईल त्यानं पुढं जायचं, फेटा बांधून घ्यायचा, नारळ घ्यायचा. आजोबा मागं उभे राहिले, वडील मागं उभे राहिले. मी पण.

मग मी गावात पहिला पडदा लावला. देवाची सेवा म्हणून लावला, दुसरं काही मनात नव्हतं. दुसऱ्या साली आप्पांनी आपणहून पुकारलं — "पडद्याचा मान, बिरदेव सिदू!" माझ्या बापाचं नाव त्या जागी पहिल्यांदा कुणीतरी मोठ्यानं घेतलं. आई तेव्हापासून पहिल्या रांगेत बसते. पडदा ती बघते न बघते, तिला ते पुकारणं ऐकायचं असतं. केराबाईचा पोरगा मानकरी आहे, हे ती दूध घालायला येणाऱ्यालाही सांगते.

आता हे पूनमला कसं सांगू?


३० नोव्हेंबर, रविवार

सांगितलं. ती कीफ्रेम लावत होती. हात थांबवला नाही.

"मान मला नको, दादा. फेटा माउलीला बांधा, नारळ बी द्या. मला खुर्चीवर बसू द्या, झालं."

मी म्हणालो, खुर्चीवर बसणं हाच मान. दुसरा त्यात काय असतो?

तेव्हा ती माझ्याकडं वळली. "मग एकच लांब फाइल करून देती. माउलीनं चालू करायची आन बाजूला उबं ऱ्हायाचं. पण मग ढोल वाढला तर मेंढरं वाढायची न्हाईत. तशी करू का? सांगा, तशी करती."

बोलताना तिचा आवाज चढला नाही, आणि त्यानंच मला जास्त लागलं.

यंदाच्या कामाची सगळी मेख यातच आहे. ढोलवाले कधी एका चालीत वाजवत नाहीत. अंगात आलं की वाढवतात, दमले की उतरतात. म्हणून पूनमनं अख्खी प्रदक्षिणा एका फाइलीत न बांधता लहान लहान लूप केले आहेत. मेंढरं हळू चालतात तो एक, चाल धरतात तो एक, पळतात तो एक, थांबून माना वर करतात तो एक. प्रत्येक लूप दुसऱ्या कुठल्याही लूपला न सांधता जोडला जातो, कारण सगळ्यांची सुरुवात आणि शेवट तिनं एकाच चित्रावर ठेवला आहे. ढोल ऐकत, समोर बघत, पुढचा लूप सोडायचा. हे बटण दाबणं नाही. ढोलाकडं कान लावून कळप हाकणं आहे.

मी म्हणालो, लांब फाइल करू नको. लूपच ठेव.

"मग बसणार कोण?"

बघू, म्हणालो. बापानं लेकीला "बघू" म्हणायचं म्हणजे काय असतं, ते तिलाही ठाऊक आहे.


३ डिसेंबर

मोठी चित्रं एकदम टाइमलाइनवर घेतली तर मशीन बैलासारखं बसतं. त्यांच्या जागी लहान, हलकी चित्रं ठेवून काम करायचं आणि शेवटच्या रेंडरला, म्हणजे पक्की फाइल काढताना, खरी चित्रं परत लावायची. प्रीव्ह्यू पण पाव आकारात बघायचा. चाल बघायला तेवढा पुरतो, लोकर बघायला मोठा करायचा. या एका गोष्टीनं दिवस वाचतो. हे मला पंधरा वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर!


७ डिसेंबर, रविवार

चनमल्लप्पाच्या गोदामात चाचणी घेतली. मंद्रूपचा कानडी माणूस, एलईडी पडदे भाड्यानं देतो, लग्नाच्या हंगामात त्याला पाणी प्यायला सवड नसते. तरी पूनमसाठी दोन तुकडे जोडून दिले. कॉम्प्युटरवर सोन्यासारखा दिसणारा भंडारा तिथं उजळला आणि चनमल्लप्पा म्हणाला,

"एनु बिरदेवअण्णा, ह्यो भंडारा हाय का लिंबू सरबत? ग्लास आणू का?"

खरंच तसं दिसत होतं. एलईडीवर पिवळा पेटतो. पूनमनं तिथंच बसून रंग गडद केला, जरा तांबूस केला, तेव्हा हळद झाली. पातळ रेघांनी पण डोळ्यापुढं नाच मांडला होता, त्या जाड केल्या. आपल्या मॉनिटरवर बघून "झालं" म्हणायचं नाही. ज्या पडद्यावर लोक बघणार, त्याच पडद्यावर बघायचं.

निघताना चनमल्लप्पा मला बाजूला घेऊन म्हणाला, "अण्णा, खरं सांगू? इतकी वर्षं तुमचं काम बगतोय. पोरीनं तुमाला मागं टाकलं बगा."

मी म्हणालो, "देव पावला." गाडीवर तिच्या मागं बसून आलो. मला सबंध रस्ताभर हसू येत होतं. हेल्मेट होतं म्हणून बरं.


१४ डिसेंबर, रविवार

पूनम आली नाही. आप्पांचा निरोप आला, अमावस्येला गावात चाचणी घेऊ, तिला माउलीलाच बसवा, त्याला सवय होऊ दे. लूप कसे सोडायचे ते पूनमनं त्याला फोनवर समजावलं. तो दर वाक्याला "व्हय व्हय" म्हणत होता.


२० डिसेंबर, शनिवार

काल अमावस्येची चाचणी झाली. दिवस मावळताना दोन पडदे उभे केले, देवळाच्या डाव्या-उजव्या बाजूला. ढोलवाले आले. माउली लॅपटॉपपुढं बसला, केस विंचरून आला होता.

आधी त्यानं मेंढरं हळू सोडली, बरं चाललं. मग ढोल वाढला आणि त्याची मेंढरं आपली रमतगमत. ढोलवाल्यातला एक ओरडला, "माउली, मेंढरं पेंगाय लागली बग तुजी!" माउलीनं घाबरून पळायचा लूप सोडला, तोवर ढोल उतरला होता. ढोल थांबला आणि मेंढरं पळत सुटली. पोरं हसून लोळायला लागली.

पण ते सवयीनं सुधारलं असतं. दुसरं जे झालं ते वेगळं होतं. माउलीला वाटलं, दोन पडद्यांवर एकसारखं दिसण्यापेक्षा समोरासमोर दिसलं तर शोभा येईल. लग्नात तसंच करतात, एका पडद्यावरचं चित्र आरशात बघितल्यासारखं उलटं करतात, म्हणजे दोन्हीकडचे नवरा-नवरी स्टेजकडं तोंड करून दिसतात. चनमल्लप्पाच्या माणसाला सांगून त्यानं डावा पडदा तसा करून घेतला. सगळ्यांना आवडलं. मला पण आवडलं. आप्पा म्हणाले, "आता कसं, जोडी जमली." माउलीनं व्हिडिओ काढून गावच्या ग्रुपवर टाकला.

पाच मिनिटांत पूनमचा फोन. अकलूजवरनं.

"दादा, डाव्या पडद्यावर मेंढरं उलटी फिरत्यात."

"कशी उलटी?"

"देव उजव्या हाताला पायजे ना? देवळापुढनं जाताना ती आपल्या उजवीकडनं डावीकडं गेली पायजेत. डाव्या पडद्यावर डावीकडनं उजवीकडं चालल्यात. देवाला उलटा फेरा घालत्यात सगळी."

मी वर बघितलं. अख्खा कळप, पुढं पालखी, मागं माणसं, सगळे देवाला डाव्या हाताला घालून चालले होते. मी तिथं उभा होतो, आप्पा उभे होते, सारा गाव उभा होता. आप्पांना सांगितलं तर त्यांनी आधी हात जोडले आणि मग म्हणाले, "बंद करा ते, बंद करा!" पडदा काळा झाला. त्यांनी देवाच्या पायरीवर भंडारा वाहिला. माउलीचं तोंड एवढंसं झालं. त्याची काय चूक? लग्नात चालतं ते देवापुढं चालत नाही, हे त्याला कुणी सांगितलं होतं?

निघताना आप्पा माझ्याबरोबर एसटीच्या थांब्यापर्यंत आले.

"पोरीची नजर चांगली हाय, बिरदेवा."

"मग बसू द्या तिला."

"मान हाय रे तो. माझ्या हातात असता तर… मंडपवाला कुठला, कुणाच्या घरचा, आमी इचारतो का? पान्याच्या टँकरवाल्याला इचारतो का? त्येंना मान न्हाय, म्हणून कुणीबी येतं. तुज्या पडद्याला मान लागलाय. आता तो घरातच ऱ्हाणार."

एसटी आली. बोलणं तिथंच राहिलं.


२१ डिसेंबर, रविवार

आप्पांचं बोलणं डोक्यातून जात नाही.

पूनमच्या आईला सांगितलं. तांदूळ निवडत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नाव पुकारत नव्हते तवा काय आपण उपाशी झोपत व्हतो?"

तिला सोपं आहे बोलायला. तिनं माझ्या आईचं तोंड बघितलेलं नाही, नाव पुकारतात त्या वेळचं. — बघितलं आहे. शेजारीच तर बसते. मग ती असं का म्हणाली?

फोटोपुढं बसलो. मागायचं काय तेच कळेना, म्हणून नुसता बसून राहिलो.


२४ डिसेंबर

माउली मोटरसायकलवरनं सोलापूरला आला. माझ्याकडं दिवसभर बसला, लूप सोडायला शिकत होता. मन लावून करत होता. जाताना म्हणाला, "तात्या, मला ढोल आयकू येतो, मेंढरं बी दिसत्यात. पण दोनी एकदम न्हाय जमत." आणि मग चप्पल घालता घालता, "पण आमचं पप्पा म्हणत्यात, आपला मान सोडायचा न्हाय."

भावाचंही खरं आहे. त्याच्याही बापाचं नाव त्यात पुकारलं जातं.


२८ डिसेंबर, रविवार

शेवटचं रेंडर झालं. पूनम आणि मी दोघंच होतो. प्रत्येक लूप आधी कोपऱ्यातलं नाव वाचून, मग दिशा बघून, मग रंग बघून तपासला. देव उजव्या हाताला. डावा पडदा, उजवा पडदा, दोन्हीकडं देव उजव्या हाताला. फाइली, चित्रं, अक्षरांचे फॉन्ट सगळं एका फोल्डरमध्ये गोळा केलं आणि त्याची कॉपी दुसऱ्या डिस्कवर. गावात ऐन वेळी एखादं चित्र "सापडत नाही" म्हणालं तर काय करणार?

मग तिनं मोबाइलवर ढोलाचं जुनं रेकॉर्डिंग लावलं आणि मला म्हणाली, बघा. एका हातानं लूप सोडत होती, डोळे पडद्यावर, मान ढोलाबरोबर हलत होती. ढोल वाढायच्या किंचित आधी तिचा हात जायचा. वाढल्यावर नाही, आधी. मेंढरं कान टवकारायची, चाल धरायची, आणि ढोल कडाडला की धावायची. ढोल उतरायला लागला तशी एकेक मंदावली, एक मागं राहिली, ती पळत येऊन मिळाली. मी बापाच्या कळपामागं हातात काठी घेऊन चालताना जे बघायचो तेच.

डोळ्यात पाणी आलं. तिनं बघितलं नसावं. बघितलं असलं तरी बोलली नाही. माझीच पोरगी ती.

म्हणाली, "मी जत्रंला येतीच. मागं बसंन. माउलीला खाणाखुणा करंन." हसून म्हणाली. मला नाही हसता आलं.


१ जानेवारी २०२६, गुरुवार

चनमल्लप्पाला सांगून लॅपटॉपची चौकी अशी मांडायला लावली की तिथं बसणाऱ्याला ढोलवाल्यांचे हात दिसतील. पडदा पाठीमागं न राहता डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसेल. ज्याला कुणाला बसायचं असेल त्याच्या सोयीचं.


२ जानेवारी, शुक्रवार

गावी आलो. आईनं उद्याचं नेसायचं लुगडं काढून ठेवलं आहे.


३ जानेवारी, शनिवार. पौष पौर्णिमा

मानकऱ्यांची नावं पुकारून झाली. काठी, छत्री, ढोल, भंडारा. आमचं नाव आलं नाही. माउली अर्धा उठला होता, तो तसाच बसला. आई माझ्याकडं वळून बघायला लागली. तेवढ्यात पालखी उचलली, ढोल कडाडला आणि दोन्ही पडद्यांवर मेंढरं ढोलाच्या चालीनं धावायला लागली. आई बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "कोण हाकतंय रं?" मी चौकीकडं बोट दाखवलं. पूनम बसली होती.

पहाटे आप्पांच्या दारात गेलो होतो. म्हणालो, पडद्याचा मान आजपासून मोडा, आमच्या घराचं नाव काढा, मंडपवाल्यासारखी ती जागा मोकळी ठेवा, कुणीही बसेल अशी. त्यांनी विचारलं, परत मिळायचा न्हाय, ठाऊक हाय ना? व्हय म्हणालो. भावाला इचारलंस? न्हाय म्हणालो. त्यांनी नाव काढलं.